उजव्या कानाशी बसलेला आवाज

भाजलेली वाम मासळी, दोन ताटं.

लहानपणीच्या तापात गेलेला पाहुण्यांचा डावा कान.

चार पातळ पुस्तकं. पूर्ण गाणं एकातही नाही. प्रत्येकात एकाच आवाजाचा भाग.

"नाही, नाही, नाही! त्यापेक्षा मरेन!"

ही ओळ गायली फेरारातले रेशमाचे व्यापारी मेस्सेर उगुच्चोने यांनी. ती ऐकताच मांतोव्याहून मुलाला, प्रोस्पेरोला, घेऊन आलेले होणारे व्याही, मेस्सेर बाल्दासारे, ताडकन उठले. घशात वाम अडकली होती.

"काय म्हणालात?"

उगुच्चोने अजून बोटांवर मात्रा मोजत होते. "कुठे काय? माझा भाग म्हटला."

"साखरपुड्याला बोलावता, आणि तोंडावर नाही म्हणता? तेही सुरात?"

घरचा गायनमास्तर, माएस्त्रो तेओफिलो, याला घाम फुटला. साखरपुड्यासाठी हे मॅड्रिगल, चार आवाजांचं गाणं, त्यानेच रचलं होतं. सोयरीक मोडली तर या घरातली नोकरीही गेली.

"मेस्सेर, प्रेमाचंच आहे हो! प्रश्न वरचा आवाज विचारतो, उत्तर खालचा देतो. तुमच्या चांगल्या कानाशी नेमका खालचा बसलाय."

"मग तुमचं वाचा."

तेओफिलोने वाचलं. "हाय... मरतो... हाय... मरतो. 'हाय'नंतर श्वास तोडायचा असतो," म्हणून त्याने तोडूनही दाखवला.

"आणि तुमचं, बाई?"

कोस्तान्झा आत्याने त्यांच्याकडेच बघत वाचलं, "निष्ठुरा, निष्ठुरा, निष्ठुरा."

"अहो, हे लग्नाचं की मयताचं?"

"प्रश्न नवरीकडे, जिनेव्राकडे आहे," तेओफिलो घाईने म्हणाला. "पण तो सुटा नका वाचायला लावू. असं करा, खालचा भाग तुम्हीच म्हणा. मध्ये बसलात की सगळं कळेल."

बाल्दासारेंनी पुस्तक हिसकावलं. उगुच्चोने रिकाम्या हातांनी समोर जाऊन बसले. उभ्या आयुष्यात त्यांनी शेकडो मॅड्रिगल गायली होती. मात्रा न मोजता एकही ऐकलं नव्हतं.

जिनेव्राने सूर लावला.

"ओठांवरचे ओठ, सख्या, उचलशील का?"

'उचल'वर आवाज पायरी पायरीने वर चढला आणि तिथेच लाडात रेंगाळला. उगुच्चोनेंचा जबडा खाली आला. ही आपली पोरगी? तालमीत आपल्या शेजारी उभी राहून, महिनाभर, हे? आणि आपण काय उत्तर देत होतो?

बाल्दासारे मात्रा चुकले. त्यांची जागा आली, ते गप्पच.

"नाही! नाही! नाही!" उगुच्चोने किंचाळले. अगदी जागेवर. सुरातसुद्धा.

बाल्दासारेंनी पुस्तक मिटलं.

"आता डाव्या कानानेसुद्धा ऐकलं. चल, प्रोस्पेरो."

"व्याही, अहो, मी ते तिला म्हणालो!"

प्रोस्पेरो केव्हाच उठला होता. वामीचा एक तुकडा त्याने बरोबर घेतला.

सकाळी खुर्च्या जिनेव्राने मांडल्या होत्या. बाल्दासारेंचा कोणता कान बहिरा आहे, ते तिला प्रोस्पेरोने सांगितलं होतं.