व्हॉल्व्ह बॉडीवरच्या अक्षता

खंडेनवमीच्या सकाळी नौशादने शेजारच्या कोंडिबांच्या ऑटोमॅटिक गाडीची गिअर बदलणारी व्हॉल्व्ह बॉडी खाली उतरवली, तेव्हा ती परत कशी बसवायची हे त्याला ठाऊक नव्हतं. काढायची कशी ते फोनवरच्या व्हिडिओत तीनदा बघून झालं होतं. पण व्हिडिओतला बुवा कुठल्याशा परक्या भाषेत बोलत होता आणि बसवायची वेळ आल्यावर हात हलवून निघून गेला होता.

"जमंल की!" एवढं बोलून नौशाद अडकला होता. मुठा गावात आता बिनक्लचच्या गाड्या वाढल्या होत्या आणि त्या सगळ्या हायवेवरच्या काचेच्या गॅरेजात जात होत्या. ही एक गाडी जमली, तर बाकीच्याही येतील. नाही जमली, तर 'नौशादला ते न्हाई येत' हे चहाच्या टपरीवर ठरणार, आणि तिथे ठरलेलं परत कुणी बदलत नाही. अब्बांनी उभं केलेलं गॅरेज आपल्या हातून बंद पडणार, ही धास्ती त्याला गेलं वर्षभर होती.

कोंडिबांचा डावा गुडघा कामातून गेलेला, म्हणून तर ही गाडी. पण ती दुसऱ्या गिअरला जाताना असा हिसका द्यायची, की मागे बसलेल्या त्यांच्या पत्नी सगुणाबाई देवाचं नाव घ्यायच्या. उद्या दसऱ्याला कासारसाईला लेकीकडे, सुलक्षणाकडे, सोनं द्यायला जायचं होतं.

नौशादने लाल तेल काढलं, तेलाचा चेंबर उतरवला, वायरी सोडवल्या. बोल्ट लहानमोठे, म्हणून प्रत्येक बोल्ट जागेबरहुकूम पुठ्ठ्यात खोचला. व्हॉल्व्ह बॉडी परातीत ठेवून तिचे दोन भाग केले. आत वाळवीने लाकूड खावं तशा बारीक वाटा, आणि वाटांमध्ये वाटाण्याएवढ्या सहा पोलादी गोळ्या.

"कुटली गोळी कुटं, ते ध्यानात ठेव," स्टुलावरून कोंडिबा म्हणाले.

"फोटू काढलाय, काका."

"फोन बंद पडला म्हंजी?"

नौशादने पुठ्ठ्यावर चित्रही काढलं.

तेवढ्यात सगुणाबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. अब्बांच्या काळापासूनची रीत होती. घरचे विळे-कोयते पुजून झाले, की त्या शेजारच्या गॅरेजातले पाने-हातोडे पुजायच्या. 'पूजेला काळे हात न्यायचे न्हाईत,' हे अब्बांचं सांगणं. नौशाद नळावर गेला आणि त्याने दोनदा साबण लावून हात धुतले. घोटाळा व्हायला तेवढा वेळ पुष्कळ झाला.

परत येऊन बघतो, तर पान्यांना हळदीकुंकवाचं एकेक बोट आणि परातीत अक्षतांचा सडा.

"काकू! ह्ये काय केलं?"

"गाडीचं काळीज हाय म्हनं ते. ह्यांनीच सांगितलं. म्हनलं, काळजावर जरा जास्त टाकावं."

नौशाद परातीवर वाकला. "किती टाकल्या?"

"अक्षता मोजून टाकतं व्हय कुनी?"

"उलटी करून झटक की," कोंडिबांनी सुचवलं.

"झटकली तर गोळ्या बी जातील, काका!"

मग काय, तिघंही परातीभोवती बसले. कोंडिबांनी पेपर वाचायचा चष्मा लावला, सगुणाबाईंनी गोधडीची सुई आणली. तेलही लाल, कुंकूही लाल. त्यात लाल झालेला तांदूळ शोधायचा. बारा दाणे झाले, पंधरा झाले. नौशाद खरं तर वरवर धुऊन परत बसवणार होता. तिच्या आत हात घालायची त्याला भीतीच वाटत होती. पण दाणे खोल गेलेले, त्यामुळे आतली एकेक दांडी बाहेर काढून जागच्या जागी मांडणं भाग पडलं.

विसावा दाणा एका दांडीशेजारी रुतला होता. बाकीच्या दांड्या बोटाने सरकत होत्या, ही हलेना. हळूहळू ओढून काढली, तर तिच्यासोबत नखाएवढी लोखंडाची कपची आली. दांडी हिच्यामुळेच अडकत होती आणि गाडी हिसका देत होती, हे नौशादच्या ध्यानात आलं.

एकविसावा दाणा सापडल्यावर त्याने सगळं धुतलं, हवा मारली, चित्र बघून बसवलं आणि नवं तेल भरलं. संध्याकाळी तिघं घाटापर्यंत जाऊन आले. गिअर कधी पडला, कळलंसुद्धा नाही.

"बगितलंस? पूजा पावली," सगुणाबाई म्हणाल्या.

नौशादला गप्प बसता आलं असतं. पण त्याला राहवेना. "काकू, दानं शोधताना दुखनं घावलं. न्हाईतर मी तितवर गेलोच नसतो. काका, मला ह्ये काम येत नव्हतं."

"म्हाईत व्हतं मला," कोंडिबा म्हणाले.

"मग गाडी दिली कशी?"

"तुझ्या अब्बानं मला जीप दिली व्हती, तवा मला तरी कुटं चालवाया येत व्हती? कॅनॉलात घातली मी. त्यो काय म्हनला ठाव हाय? म्हनला, बाहेर काढू आन् परत शिकू."

 नौशाद चिंधी घेऊन उगाच बॉनेट पुसत बसला.

दसऱ्यानंतर आठवड्याभरात लवळ्याहून एक प्राध्यापक ऑटोमॅटिक गाडी घेऊन आले. किल्लीबरोबर त्यांनी एक कागदाची पुडी पुढे केली.

"कोंडिबा म्हणाले, याशिवाय तुम्ही गिअरबॉक्स उघडत नाही."

नौशादने पुडी सोडली. आत कुंकू लावलेले तांदूळ होते. त्याने हात धुतले, पुडी कपाळाला लावली आणि विचारलं, "सर, मोजून आनल्यात न्हवं?"

"एकवीस," प्राध्यापक म्हणाले. "दोनदा मोजले."