सावळामास्तरच्या कोंबड्या

आपल्यासारखा अर्ज लिहिणारा थेट ठाण्यापर्यंत सापडायचा नाही, असं जव्हारचा देवराम अर्जनवीस सगळ्यांना सांगत असे. सांगायला दुसरं कोणी पुढे येत नव्हतं, म्हणून तोच सांगे.

संस्थान होतं तेव्हा त्याचा अर्ज म्हणजे बघण्यासारखी चीज होती. पहिलं पान सरकारांच्या बिरुदांनी भरायचं, दुसऱ्यावर अर्जदाराची दीनवाणी अवस्था यायची, आणि बैल हरवलाय हे तिसऱ्या पानाच्या तळाशी कळायचं. पुढे संस्थान विलीन झालं, बिरुदं गेली. देवराम डगमगला नाही. त्यानं बिरुदांच्या जागी 'मायबाप लोकशाही सरकार' घातलं आणि पान भरूनच दाखवलं.

कचेरीच्या ओट्यावर कोपऱ्यातल्या खांबाशी त्याची जागा होती. आधी तिथं त्याचा बाप बसे. त्या जागेवर देवरामाचं घर चाले आणि त्या जागेमुळेच गाव त्याला 'भाऊसाहेब' म्हणे. जागा नसती तर तो नुसता देवराम, आणि नुसत्या देवरामाला कोण विचारतो?

सगळं सुरळीत चाललं होतं, तोच मोखाड्याकडचा सावळा शाळेत मास्तर म्हणून आला. डोंगरातल्या मजुराचा पोरगा. बाजाराच्या दिवशी शाळेला सुट्टी, म्हणून हा आंब्याखाली गोणपाट टाकून बसायचा आणि लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. तेही फुकट! वर लोकांना नवे कायदे समजावून सांगायचा. वेठ बंद झाली, आता कोणाचं ओझं फुकट वाहायचं नाही. कामावर हातपाय मोडला तर ठेकेदारानं भरपाई द्यायची. हॉटेलवाल्यानं सगळ्यांना कपातून चहा द्यायचा, बाहेर बसवून करवंटीतून नाही.

"बोलायला काय जातंय," देवराम म्हणायचा. "तीन ओळींचा अर्ज लिहितो म्हणे. तीन ओळींत साहेबाला नमस्कार तरी होतो का?"

पण खोडाळ्याच्या लाडक्याचा पाय कूपात, जंगलतोडीच्या कामावर, ओंडक्याखाली सापडला होता, त्याला त्या तीन ओळींवर भरपाई मिळाली. पुढच्या बाजाराला लाडक्या काठी टेकत हॉटेलात गेला, आत बाकावर बसला आणि कपबशीतून चहा प्याला. बघायला अर्धा बाजार जमला होता. देवरामही होता. त्याला वाटलं, तो चहा लाडक्या आपल्या छातीवर बसून पितोय.

त्या दिवसापासून देवरामाचं जेवण कमी झालं. ओट्यावर बसून तो समोर आंब्याखालची माणसं मोजायचा. आपल्याकडे दोन, तिकडे तीस. आपल्याकडच्या दोघांतला एक सावलीला आलेला.

शेवटी त्यानं डोकं चालवलं. जामसरचा माघ्या ओट्यापाशी विडी ओढत बसला होता. माघ्याच्या कानात घातलेली गोष्ट बारा पाड्यांत घातल्यासारखीच असते.

"माघ्या, भगत औषध देतो तेव्हा आपण काय करतो?"

"कोंबडी देतो, भाऊसाहेब. नायतर नारळ."

"का देतो?"

"नाय दिला तं औषध लागू नाय पडत."

"मग फुकटचा अर्ज कसा लागू पडेल?" देवराम म्हणाला. "साहेबाच्या टेबलावर जाईल आणि तिथंच मरेल. म्हणून म्हणतो, लोकांनी विचार करावा."

माघ्यानं विडी विझवली. "खरा हाय," तो म्हणाला आणि तडक उठला.

देवराम खूश झाला. आता लोक पैसे देऊन आपल्याकडे येणार, हे त्यानं गृहीतच धरलं. पुढच्या बाजाराला लोक आले खरे, पण आंब्याखाली. आणि येताना प्रत्येकानं कोंबडी आणली. फुकटचा अर्ज लागू पडत नाही ना, मग सावळ्याला काहीतरी द्यायला नको? देवरामाचं म्हणणं लोकांना शंभर टक्के पटलं होतं. गोणपाटाभोवती पाय बांधलेल्या कोंबड्यांचा असा कालवा माजला की अर्ज सांगणाऱ्याला ओरडून सांगावं लागत होतं. सावळा हात जोडून नको नको म्हणत होता, पण कोणी ऐकेना. कोंबडी परत घेतली की अर्ज फिरणार, मग कोण परत घेईल?

असे दोन-तीन बाजार गेले. एकदा देवराम घरी आला तो तापलेलाच. "पाहिलंस? फुकट म्हणतो आणि कोंबड्या खातो!"

बायको गौरा भाकरी थापत होती. ती म्हणाली, "खात असेल कशावरून?"

"मग काय करतो, शाळेत घालतो?"

गौरानं त्याच्या ताटात अंड्याची पोळी वाढली. हल्ली रोज अंडं असे. परसात कुठूनशा कितीतरी कोंबड्या आलेल्या देवरामानं पाहिल्या होत्या, पण बायकोनं पाळल्या असतील म्हणून त्यानं विचारलं नव्हतं. हेवा करायला माणसाला पुरा वेळ लागतो. परसाकडे बघायला सवड कुठली?

अंडं खाऊन अंगात बळ आलं, तसा तो दौत-टाक घेऊन बसला. सावळामास्तर सरकारी नोकर असून अर्जासाठी गोरगरिबांकडून कोंबड्या घेतो, चौकशी व्हावी. निनावी तक्रार, चार पानं. तीन ओळींत लिहिता आली असती, पण हात ऐकेना.

अक्षर कोणाचं हे कचेरीतल्या नव्या साहेबांना पहिल्या ओळीलाच कळलं असावं. सारा तालुका ते अक्षर ओळखायचा. पण तक्रार ती तक्रार. पुढच्या बाजाराला साहेब स्वतः आंब्याखाली आले, आणि मागोमाग देवरामही आला, सहज आल्यासारखा.

"मास्तर, लोक तुम्हाला कोंबड्या देतात?"

"देतात साहेब," सावळा म्हणाला. "नको म्हटलं तर ऐकत नाहीत. शेवटी असं ठरलं की निकाल लागेपर्यंत कोंबडी ठेवायची आणि निकाल लागला की ज्याची त्याला परत. निकालानंतर घेतात, तेव्हा अर्ज फिरत नाही."

"आणि आत्ता कुठे आहेत?"

सावळ्यानं अवघडून देवरामाकडे पाहिलं. "भाऊसाहेबांच्या परसात. माझ्या खोलीत जागा नाही. वहिनी म्हणाल्या, मी सांभाळते."

देवरामाला सकाळचं अंडं आठवलं.

मग वरात निघाली. इकडे एकाचं काम असलं की सारा पाडा सोबत जातो. साहेब पुढे, शिपाई मागे, त्यामागे जामसर, त्यामागे खोडाळा, आणि सगळ्यांत शेवटी देवराम. परसात कोंबड्या दाणे टिपत होत्या. प्रत्येकीच्या पायात रंगीत दोरा.

"हे दोरे कसले?" साहेबांनी विचारलं.

गौरा पदर सारखा करून पुढे झाली. खोटं बोलणं तिला जमत नसे, आणि त्या दिवशी तरी जमायला हवं होतं असं देवरामाला फार वाटलं. "ओळखायला बांधलेत, साहेब. हा लाल फागीचा, पिवळा चिमीचा, हिरवा मंगळूचा."

"अंडी कोण खातं?"

"हे खातात की."

साहेबांनी देवरामाकडे पाहिलं, खिशातून चार पानी तक्रार काढली, पुन्हा देवरामाकडे पाहिलं. "तक्रार लिहायची तुम्ही, कोंबड्या ठेवायच्या तुमच्याकडे, अंडी खायची तुम्ही, आणि आळ मास्तरवर? उद्यापासून ओट्यावर बसायचं नाही."

एवढं बोलून साहेब गेले. देवराम परसातच खाली बसला. पिवळ्या दोऱ्याची कोंबडी त्याच्या पायाशी येऊन टोचू लागली, तरी त्यानं हाकलली नाही.

"मला सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला.

"सावळ्याचं नाव काढलं की तुमचं जेवण सुटत होतं. मग काय करू?" गौरा म्हणाली. "आता जागेच्या अर्जासाठी त्याच्याकडेच जा. दुसरं कोण लिहिणार?"

"मी अर्जनवीस आहे!"

"मग लिहा तुम्हीच."

त्यानं लिहिलं. सहा पानं झाली, तरी आपण काय केलं त्या जागी टाक पोचेना. तिथं आला की हात थांबायचा आणि पुन्हा मायबाप सरकारकडे वळायचा. त्यानं सहाही पानं चुलीत घातली.

बाजाराच्या दिवशी तो आंब्याखालच्या रांगेत बसला. पुढे लाडक्या, मागे एक म्हातारी. लाडक्या सरकून म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्ही पुढं व्हा."

"नको," देवराम म्हणाला. पुढे गेला असता तर तो मास्तरला लवकर दिसला असता.

त्याची पाळी आली. सावळ्यानं इतरांना विचारायचा तेच विचारलं. "काय झालं? खरं सांगायचं, मी खरं तेच लिहितो."

देवरामानं सांगितलं. कोंबड्यांचं सांगितलं, दोऱ्यांचं सांगितलं.

"निनावी तक्रार कोणी केली?"

मागची म्हातारी खोकली.

"मी."

"का?"

"हेवा वाटला," देवराम म्हणाला. आणि एकदा तोंड उघडलं ते मिटेना. "तुझ्याकडे तीस माणसं, माझ्याकडे दोन. लोक तुला आपणहून कोंबडी देतात, मला पैसे देताना गाठ सुटत नाही त्यांची. बापाची जागा आहे ती. रोज तिथं बसून मी तुझ्याकडे बघायचो. जळायचो."

सावळा लिहीत होता. देवराम वाकून बघू लागला आणि दचकला. "अरे, अर्जात हेवा लिहीत नाहीत!"

"तेच कारण आहे ना?"

"कारण आहे, पण लिहीत नाहीत."

"मी लिहितो," सावळा म्हणाला. 'तक्रार मी हेव्यापोटी केली, ती खोटी होती. कोंबड्या माझ्या नाहीत, त्या माझ्याकडे आहेत हेही मला ठाऊक नव्हतं. माझं म्हणणं न ऐकता माझी रोजीची जागा काढली, ते ऐकून घ्यावं.' खाली त्यानं सहीची जागा दाखवली. देवरामानं सही केली.

साहेबांनी दोघांना बोलावून घेतलं. अर्ज वाचताना त्यांच्या मिशा हलल्या. "आग, पूर, आजार, सगळी कारणं वाचली," ते म्हणाले, "हेवा आज पहिल्यांदा वाचला. तुमचं ऐकायला हवं होतं, ते राहिलं. मास्तरची माफी मागा आणि उद्यापासून बसा."

देवरामानं माफी मागितली. मनापासून मागितली, आणि मागताना सावळ्याचा पुन्हा एकदा हेवा वाटला तो वेगळाच. साहेब त्याला 'बसा मास्तर' म्हणाले होते.

पुढच्या बाजाराला तो पहाटेच ओट्यावर आला. जागा झाडली, पेटी मांडली, कागद सारखे केले. ऊन चढलं तरी कोणी फिरकेना. आणि मग पायऱ्या चढत एक म्हातारी थेट त्याच्याकडेच आली. देवरामाचं काळीज भरून आलं. त्यानं टाक दौतीत बुडवला.

"बस आजी. बोल, काय लिहायचं?"

"लिहायचा नाय, बाबा," धापा टाकत म्हातारी म्हणाली. "माघ्या सांगं, ओट्यावरच्या भाऊसाहेबाचं काम जेनं केलं तो मास्तर लई चांगला हाय. तो कुठं बसतो, ता इचारायला आलू."

देवरामानं टाक खाली ठेवला. उठला, म्हातारीला हात धरून पायऱ्या उतरवल्या आणि आंबा दाखवला.

"तो बघ, गोणपाटावर बसलाय," तो म्हणाला. म्हातारी चार पावलं गेली, तेव्हा त्याला राहवलं नाही. त्यानं मागून हाक मारली.

"आजी, भाऊसाहेबांनी पाठवलंय म्हणून सांग हां!"