एकचाकीचं आवतन

पोळ्याच्या दिवशी ऐन दुपारी खुशबूची विजेवरची एकचाकी चार्ज होईना, आणि तिचे वडील मारोतराव तोरणाखाली जाणार की नाहीत, हे सगळं त्या चार्जिंगवर येऊन ठेपलं.

त्याचं असं झालं होतं. चिखलणीला ट्रॅक्टर यायला लागल्यापासून बैलजोडी नुसती बसून खायची, म्हणून मारोतरावांनी उन्हाळ्यात ती दिघोरीच्या एका शेतकऱ्याला दिली. देताना काही वाटलं नाही. वाटलं ते पोळा तोंडावर आल्यावर. सगळं कोंढा गाव बैल घेऊन तोरणाखाली उभं राहणार आणि आपण तिथं मोकळ्या हातांनी काय करायचं? त्या दिवशी आपलं डोकं दुखणार आहे, असं त्यांनी घरात आधीच सांगून टाकलं.

तोड काढली त्यांच्या आईने. "घरी जे राबते, ते तोरनात जाते," शकुनबाई म्हणाल्या. "खुशबूचं चाक राबत नाई का? दळन आनते, पवनीले जाते."

हे चाक पुण्याला नोकरी करणाऱ्या धर्मेंद्रने बहिणीला आणून दिलं होतं. हँडल नाही, सीट नाही. एक जाडजूड चाक, पाय ठेवायला दोन पाट्या आणि बंद असताना बॅगेसारखं ओढायला आत सरकणारा दांडा. माणूस पुढे कलला की मोटर चाकाला पुढे पळवते, मागे कलला की आवरते. खुशबूने भौतिकशास्त्रात बीएस्सी केली होती, आत काय चालतं ते तिला समीकरणासकट ठाऊक होतं. तरीही चाकाने तोल धरला की दर वेळी तिच्या अंगावर काटा यायचा. आजीचं तर विचारायलाच नको. नात हवेत उभी असल्यासारखी अंगणातून निघून गेली, त्या दिवशी तिने चक्क हात जोडले होते.

मारोतरावांनी अट घातली. "चालत असन तं येतो मांगं मांगं. ढकलत नेवाचं असन तं मी नाई. गाव हासन."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शकुनबाईंनी चाकाच्या दोन्ही अंगांना हळद-तूप चोळलं आणि बैलांना देतात तसं निमंत्रण दिलं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." खुशबूने हसत हसत नंतर ते फडक्याने पुसून टाकलं.

आणि आता चार्जरचा दिवा हिरवाच राहिला होता. चार्जिंग सुरू झालं की तो लाल व्हायला हवा. तिने बोर्ड बदलला, मीटर लावून चार्जर तपासला, शेवटी धर्मेंद्रला व्हिडिओ कॉल लावला.

"लाइन कमी असन, वं," धर्मेंद्र म्हणाला.

"लाइन बरोबर हाये. चार्जरमंधूनही बरोबर येऊन राहिली. प्लग मात्र घट्ट जाऊन राहिला."

"भोकात पाह्यलं का?"

"टॉर्च मारून पाह्यलं. पिवळं ग्रीस हाये आत."

"ग्रीस? मले नाई आठवत."

"पाणी जाऊ नये म्हनून कंपनीनं लावलं असन." पावसाळी प्रदेशाचा इतका विचार करणाऱ्या त्या अनोळखी इंजिनियरबद्दल खुशबूला खरोखर आदर वाटत होता.

"मंग आतलं सर्किट गेलं. खोलू नको, आग लागते."

हे ऐकून मारोतरावांनी दुपट्टा डोक्यावर ओढला आणि खाटेवर आडवे झाले. शकुनबाईंनी चाकाच्या डोक्यावर झूल टाकली, ओढायचा दांडा वर काढला आणि कमरेत वाकून स्वतःच ते फरफटत रस्त्याला लागल्या. म्हातारी आई पोळ्याच्या दिवशी गावातून ओझं ओढत चालली आहे, हे खाटेवरून किती वेळ पाहवणार? मारोतरावांनी चप्पलही न घालता तिला गाठलं आणि दांडा हातातून घेतला.

तोरणाखाली त्यांना जागा मिळाली शेजारच्या लक्ष्मणरावांच्या जोडीपाशी.

"मारोतराव, एकटाच का?" लक्ष्मणराव म्हणाले. "याचा जोडीदार कुठं हाये?"

"पुन्याले नवकरी करते," शकुनबाईंनी परस्पर सांगितलं. आजूबाजूचे हसले. मारोतराव मान खाली घालून चाक सावरत राहिले.

तेवढ्यात लक्ष्मणरावांचा चांद्या मान लांबवून चाक हुंगू लागला. हुंगत हुंगत तो नेमका चार्जिंगच्या रबरी झाकणापाशी थांबला, जिभेने झाकण उलटवलं आणि चाटू लागला. लक्ष्मणरावांनी कासरा ओढला, पण तो हलेना. खुशबू खाली वाकली. आतून वेलचीचा वास येत होता.

"आजी, याच्यात का टाकलं?"

"घास देल्ला सकाळी. पुरनाचा."

"भोकात?"

"तूच तं सांगतलं होतं, हे तोंड हाये त्याचं, इथून जेवते म्हनून. आवतन देल्लं तं जेवू नाई घालाव का?"

"किती टाकलं?"

"मावलं तेवढं. काडीनं सारलं आत."

खुशबू चांद्याकडे पाहत राहिली. मीटर, टॉर्च, पदवी आणि पुणे मिळून जे सापडलं नाही, ते या प्राण्याने निव्वळ नाकाने शोधलं होतं.

ढोल वाजले. तोरण तुटलं. सगळ्या जोड्या निघाल्या, चांद्या मात्र पुरण सोडायला तयार नव्हता. मागची रांग ओरडू लागली.

"तुमी धरा बावा याले," लक्ष्मणराव घामाघूम होत म्हणाले. "तुमचं आयकन."

मारोतरावांनी दांडा त्यांच्या हातात दिला आणि जोडीचे कासरे घेतले. चांद्याच्या मानेखाली खाजवत ते त्याच्या कानाशी हळूच काहीतरी बोलले, आणि जोडी चालू लागली. मारोतराव ताठ मानेने तोरणाखालून गेले. मागून लक्ष्मणराव झूल पांघरलेलं चाक ओढत.

"याले सोडलं तं उभं राह्यते का?" त्यांनी दबक्या आवाजात खुशबूला विचारलं.

"नाई काका. पडते."

"मंग मले कायले देल्लं?"

लक्ष्मणरावांच्या दारात ताराबाई तांब्या-ताट घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी बैलांचे पाय धुतले, घास दिले. मग नवऱ्याच्या हातातलं चाक पाहून क्षणभर थबकल्या. पण दारात आलं ते आलं. त्यांनी ताटातला पुरणाचा घास उचलला आणि विचारलं, "याचं तोंड कोनत्या अंगानं, बाई?"

खुशबूने वडिलांकडे पाहिलं. कासरे अजून त्यांच्याच हातात होते. स्वतःचा बैल पूजला जाताना माणूस उभा राहतो, तसे ते चाकाकडे पाहत गंभीरपणे उभे होते.

तिने वाकून झाकण उघडून धरलं.