मगननानांचा रोजचा एक ठिपका

कळसाडीच्या एका लग्नात भाजी तिखटजाळ झाली. सगळे पाण्याकडे धावले. मगननाना उठून थेट आचाऱ्याकडे गेले. तेल, फोडणी, वाटण, रस्सा, क्रमानं चाखत गेले आणि मांडवाला ऐकू जाईल असं ओरडले, "फोडनीपावत बरं व्हतं, बिघाड वाटनमा शे!"

आचारी अजून त्यांच्याशी बोलत नाही.

शहाद्यात माझ्या घराशेजारीच नानांचं दुरुस्तीचं दुकान आहे. शेतातल्या मोटारींचे जुने ऑटो-स्विच ते दुरुस्त करतात. ज्या कारखान्यात ते बनायचे, तिथं नाना आणि कुसुमकाकू दोघं नोकरीला होते. काकू सर्किटचे नकाशे काढत, नाना तपासणी करत. कारखाना कधीच बंद पडला. स्विचच्या आतल्या सर्किटच्या पट्टीवर बारीक चकचकीत ठिपके असतात. मीटरची सुई टेकवून कुठल्या ठिपक्यावर किती व्होल्ट हवेत, ते यादीत बघायचं. नानांकडची छापील यादी वाळवीनं खाल्ली. आता सगळी माहिती उरली काकूंच्या जुन्या कॉम्प्युटरातल्या फायलीत. काकू मागच्या वर्षी गेल्या आणि कॉम्प्युटरही त्याच वाटेवर होता.

एवढं असून नाना रोज अंघोळ करून फक्त एक ठिपका वहीत उतरवायचे. ठिपके दीडशेच्या घरात. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, माझा जीव वरखाली व्हायचा.

"नाना, एका मिनिटाचं काम आहे."

"घाई नको करू, भाऊ. रोज एक."

मग एकदा कॉम्प्युटर दोन दिवस सुरूच झाला नाही. नाना जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी तो घरघरत उठला, तेव्हा मी ठरवलं की या हट्टी माणसाचं ऐकायचं नाही. नाना अक्कलकुव्याला गेलेले बघून मी फाईल काढली, छोटा प्रोग्राम चालवला आणि आकडे, जागा, व्होल्ट अशी देखणी यादी छापली. संध्याकाळी ऐटीत त्यांच्या हातात दिली.

नानांनी कागद उलटसुलट केले. "बाकीनं कोठे गयं?"

"आकड्यांपुढे काहीबाही मजकूर होता. तो प्रोग्रामनं गाळला."

त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. इंग्रजी अक्षरांत मराठी होतं: 'इथे चोवीस. नसतील तर रिले बघ. आणि डबा खाऊन घे.' खाली: 'इथे पाच. आज का रुसलास?'

"कुसुमनं लिखेल शे," नाना म्हणाले. "कारखानामा मन्हा हातमा छापेल यादीच ये. त्यामा नुसता आकडा ऱ्हायेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पूर्ण फाईल पेनड्राइव्हवर घेतली आणि त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती शर्टाच्या आतल्या खिशात टाकली.

"अजून चाळीस बाकी शेतस," ते हळूच म्हणाले. "भाऊ, तू पुढलं वाचं तं नई ना?"