सायकलवाल्यांसाठी गाव गप्प बसलं

प्रतीक्षानं छापून आणलेला कागद वामनरावांनी तीनदा वाचला. खरं तर तेव्हाच त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, तो त्यांच्या हातातून काढून घ्यायला हवा होता. वामनराव एखादी गोष्ट एकदा वाचतात तेव्हा विसरतात, दोनदा वाचतात तेव्हा झोपतात, आणि तिसऱ्यांदा वाचली की काहीतरी करून बसतात.

कागदावर लिहिलं होतं : ‘परतवाड्याहून सायकलनं वर चला. संत्र्याच्या बागांमधून थेट डोंगरउतारावरच्या द्राक्षमळ्यापर्यंत. गर्दी नाही, गोंगाट नाही. सोबतीला फक्त पाखरांचा आवाज.’

प्रतीक्षा ही वामनरावांची एकुलती एक पोर. सहा वर्षं पुण्यात नोकरी करून दिवाळीत गावी आली ती हे सायकलीचं डोक्यात घेऊन. येत्या रविवारी पुण्याचे सहा पाहुणे यायचे होते. पहिलीच खेप. "जमलं तं मी इथंच राह्यतो बाबा," ती म्हणाली होती, "नाई जमलं तं पुन्याचे लोक वापस बोलावूनच राह्यले." ती आल्यापासून वाडीतली कोवळी वांगी वामनराव आधी घरी आणत, आणि उरलेली बाजारात नेत. असं याआधी त्यांनी कोणासाठी केलं नव्हतं. (वच्छलाबाईंनी हे लगेच ओळखलं होतं. तीस वर्षं त्यांच्या वाट्याला निबर वांगीच आली होती.)

द्राक्षमळा होता वच्छलाबाईंच्या भावाचा, गोवर्धनचा. गोवर्धन बारा वर्षं नाशिककडे राबला आणि येताना वाईनच्या द्राक्षांची रोपं घेऊन आला. पहिल्या बहाराला सगळं धामणखेड गाव मळ्यात गेलं, एकेक द्राक्ष तोंडात टाकलं, थुंकलं, आणि बिचाऱ्याला रोपं देणाऱ्यानं फसवलं असं म्हणून हळहळत घरी आलं. आता त्याची द्राक्षं नाशिककडे जात आणि बाटल्या होऊन परत येत. पाहुण्यांनी मळ्यात बसून ती वाईन चाखायची, असा प्रतीक्षाचा बेत होता.

त्यात वामनरावांचं काम एवढंच की गावातल्या फाट्यावर उभं राहायचं आणि हातानं डोंगराकडचा रस्ता दाखवायचा.

"हात दाखवाचा, बस," प्रतीक्षानं बजावलं. "च्या पाजाचा नाई. कोनाच्या घरचे, कोनत्या गावचे, लगन झालं का, काही इचाराचं नाई."

"बरं," वामनराव म्हणाले.

पण कागद तीनदा वाचून झाला होता. शुक्रवारी सकाळी ते गावातल्या पुलावर जाऊन बसले. पोरीनं लिहिलेलं खरं आहे की नाही, हे बापानं नको का पाहायला? तासाभरात दूधवाल्यांच्या सात मोटारसायकली गेल्या, एकीलाही सायलेन्सर नव्हता. सूर्यभानचा ट्रॅक्टर गेला, त्यावर दोन स्पीकर आणि दोन्हींवर वेगवेगळं गाणं. तानुबाई आणि तिची सून भांडत होत्या. पाखरू म्हणून तारेवर एक होला बसला होता, तोही कंटाळून उडून गेला.

वामनराव पुलावरून उठले. पाहुणे म्हणणार, पोरगी खोटारडी निघाली. आणि पोरगी निघणार पुण्याला.

ते तडक देवरावकडे गेले. देवरावचा ऑटो होता आणि ऑटोवर भोंगा होता.

"रविवारी सकाळी सात ते नऊ गाव चूप पाहिजे," वामनराव म्हणाले.

"अख्खं गाव? मंग सांगाचं कसं लोकायले?"

"तुह्या भोंग्यावर."

शनिवारी दिवसभर देवरावचा ऑटो गावात फिरला. "ऐका हो ऐका! उद्या सकाळी कोनीही आवाज करू नये होऽऽ!" अकरा चकरा झाल्या. दुपारी झोपलेली पोरं उठली, बांधलेल्या म्हशी सुटल्या. प्रतीक्षा तेवढी आईला सोबत घेऊन परतवाड्यात मुक्कामाला होती, सायकलींना तेलपाणी करत, म्हणून त्या दोघींना काही कळलं नाही.

धामणखेड कोणाच्या बापाचं ऐकत नाही. पण पोरगी गावची म्हणजे पाहुणे गावचे. रविवारी दूधवाल्यांनी गाड्या बंद करून हातानं ढकलत नेल्या. नत्थुजींनी गावातली सगळी कुत्री आपल्या गोठ्यात कोंडली आणि त्यांच्यापुढे भाकरी टाकल्या. तानुबाई आणि सून भांडल्या, पण नुसते हातवारे करून. आणि मग सगळ्यांना एकच प्रश्न पडला : आपण गप्प बसून राहिलो ते कोणासाठी, हे पाहायला तर पाहिजे! सात वाजेपर्यंत फाट्याच्या दोन्ही बाजूंना दोन-तीनशे माणसं येऊन उभी राहिली. कोणी हूं की चूं करेना. सगळ्यांच्या पुढे वामनराव, पांढरं धोतर, पांढरी टोपी, हात जोडलेले.

वळणावरून सहा सायकली आल्या. गर्दी दिसताच हळू झाल्या. पुढे हिरव्या हेल्मेटवाल्या एक वयस्क बाई होत्या. त्या उतरल्या. त्यांनी हेल्मेट काढलं आणि मान खाली घातली. मागच्या पाचांनीही तेच केलं.

गावाला वाटलं, ही पुण्याकडची रामराम करायची रीत असेल. आपण कमी पडायला नको, म्हणून सगळ्या पुरुषांनी टोप्या काढल्या, बायांनी पदर घेतले. ते पाहून पाहुण्यांची खात्रीच पटली.

"कोण गेलं हो?" बाईंनी देवरावला कुजबुजत विचारलं.

देवरावनं ओठांवर बोट ठेवलं आणि वामनरावांकडे दाखवलं. त्याचं म्हणणं, काय विचारायचं ते त्या माणसाला विचारा, सगळं त्याचंच आहे.

बाई वामनरावांपाशी आल्या. त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाल्या, "काका, धीर धरा."

वामनरावांचे डोळे भरून आले. आपल्या शांततेचं परक्या माणसाला एवढं वाटावं! ते रडले तशा बाईही रडल्या.

मग बाई डोळे पुसून मागे वळल्या. "अशा दिवशी वाईन प्यायला जाणं बरं दिसत नाही. आपण परत जाऊ."

सायकली वळायला लागल्या तसे वामनराव दोन पावलं पुढे धावले. वाईन राहिली, मळा राहिला, पोरगी चालली! पण अख्ख्या गावाला गप्प बसवून आपणच कसं ओरडायचं? त्यांनी जिवाच्या आकांतानं दोन्ही हात डोंगराकडे केले.

"वर आहे वाटतं स्मशान," पाहुण्यांमधला एकजण हळूच म्हणाला. "त्यांची इच्छा आहे आपण यावं."

नाही कसं म्हणायचं? पाहुणे सायकली हातात धरून डोंगराकडे चालू लागले. त्यांच्यामागे वामनराव. आणि आता पुढं काय होतं ते पाहायला वामनरावांच्या मागे सगळं गाव. चढावर बाया पाहुण्यांच्याही पुढे गेल्या, कारण तानुबाई मागे राहणाऱ्यातली नव्हे.

वर मळ्यात गोवर्धननं टेबलावर नवी पांढरी चादर टाकली होती, काचेचे ग्लास पुसून मांडले होते. त्यानं खाली पाहिलं आणि त्याला दिसलं की दोन-तीनशे माणसं मुक्यानं डोंगर चढून येत आहेत आणि पुढे बाया आहेत. बाया पुढे आणि सगळे गप्प, म्हणजे काय हे वऱ्हाडात शिकवावं लागत नाही. दारूची दुकानं अशाच मोर्च्यांनी बंद होतात. त्यानं बाटल्या उचलून वेलींखाली कोंबल्या, शरण आल्यासारखी चादर डोक्यावरून घेतली आणि हात जोडून फाटकात उभा राहिला.

"बायाहो, माय म्हनतो तुमाले! दारू नाई हे, वाईन हाये! सरकारनं परवाना देल्ला!"

पांढरी चादर घेतलेला, हात जोडून रडकुंडीला आलेला माणूस पाहून हिरव्या हेल्मेटच्या बाई पुढे झाल्या. "तुम्ही सख्खे का त्यांचे?"

"मी मेव्हना त्यायचा," गोवर्धन वामनरावांकडे बोट दाखवून म्हणाला.

"अरेरे! म्हणजे तुमची बहीणच..."

एवढ्यात मागून पिकअप आला. त्यात पाहुण्यांच्या बॅगा होत्या, प्रतीक्षा होती, आणि पोह्यांचं पातेलं मांडीवर घेऊन वच्छलाबाई होत्या. गर्दी पाहून त्यांनी आपला नेहमीचा आवाज काढला. त्या आवाजाला धामणखेडचे बैलसुद्धा थांबतात.

"काहून वो, कोन मेलं?"

बाईंनी दचकून पाहिलं. गोवर्धननं चादर खाली टाकली. "ताई, तूच मेली म्हनते!"

मग वामनरावांना तोंड उघडावंच लागलं. कागद, पूल, होला, भोंगा, सगळं त्यांनी खाली मान घालून सांगितलं. "कागदावर लिवलं होतं ना, आवाज नाई म्हनून," ते शेवटी म्हणाले. "मले वाटलं, पोरीचं खोटं पडू नये."

"कोनीच नाई मेलं!" वच्छलाबाई पाहुण्यांना म्हणाल्या. "पन थांबा जराशे. आता मरन एक, माह्या हातानं."

पहिल्यांदा हसल्या त्या हिरव्या हेल्मेटच्या बाई. मग दीड तास कोंडलेला गावाचा आवाज असा काही फुटला की खाली नत्थुजींच्या गोठ्यातल्या कुत्र्यांनी उत्तर दिलं. वेलींखालून बाटल्या निघाल्या. ग्लास पुरले नाहीत, म्हणून पिकअपमधून पोह्यांच्या वाट्या आल्या. पाहुण्यांनी वाईन आधी हलवायची, मग हुंगायची, मग घोट घ्यायचा, असं शिकवलं. तानुबाईनं हलवली, हुंगली, आणि घोट घेऊन म्हणाली, "चांगली हाये. खोकला कोनाले झाला?" पाहुणे दुपारी तीनपर्यंत गावातून हलले नाहीत. प्रत्येक घरी चहा झाला, आणि कोण कोणत्या गावचे, कोणाचं लग्न झालं, हे सगळं सगळ्यांना कळलं.

बुधवारी बाईंनी फोनवर लिहून पाठवलं. निवांत रस्ते खूप पाहिले, पण अख्खं गाव आमच्यासोबत डोंगर चढून आलं असं कुठं झालं नाही. पुढच्या महिन्यात बावीसजण येतो.

प्रतीक्षानं त्याच संध्याकाळी पुण्याला फोन लावला आणि नोकरी नको म्हणून सांगितलं. वामनराव ओट्यावर बसून ऐकत होते. ते उठून नळावर गेले आणि कारण नसताना बराच वेळ तोंड धूत राहिले. मग आत येऊन म्हणाले, "मंग पुढच्या खेपेले मी काय करू?"

"बाबा, तुमी फक्त एक काम करा," प्रतीक्षा म्हणाली. "दिवसभर घरी राहा."

"अवो पोरी," वच्छलाबाई चुलीपासून म्हणाल्या, "हे दिवसभर घरी राहतीन तं मले एक सायकल दे."