चौथी कोंबडी कुणाची

रविवारी जावई येणार असा मुलीचा फोन आला आणि मल्सुनआजी खुराड्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. जावई आला की सासूने घरची सगळ्यात चांगली अंड्याची कोंबडी कापायची, ही त्या डोंगराकडच्या गावांची रीत. नाही कापली तर जावयाचं काही बिघडत नाही, सासूचं नाक मात्र जातं. त्यातून हा जावई चार वर्षांनी येत होता. पोटभर जेवला तर मुक्काम करेल आणि मुलगीही राहील, एवढीच आजींची आशा. नवरा गेल्यापासून त्या घरात दुसरं अंथरूण पडलं नव्हतं.

अडचण अशी की कोंबड्या तीनच आणि तिन्ही खुडूक. आधी एक बसली. तिचं बघून दुसरी त्याच टोपलीत घुसली, मग तिसरी. अकरा अंड्यांवर तीन आया, अंगाला अंग लावून. आणि अंड्यांवर बसलेलीला सुरी लावायची नाही, हीसुद्धा त्याच गावाची रीत.

राहिल्या शेजारच्या गुम्न्येआजी. त्याही एकट्याच, पण भिंतीवरून आलेल्या बोराच्या फांदीवरून दोघींचं बोलणं सहा वर्षं बंद होतं. शनिवारी मल्सुनआजींनी वाटीभर तांदळाच्या वड्या घेतल्या आणि मान खाली घालून शेजारचं दार गाठलं. जावई येतोय, एक कोंबडी उसनी हवी, एवढं त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

"कोंबडीसाठी का होईना, पाय वळले म्हणायचे," गुम्न्येआजी म्हणाल्या.

त्यांनी एक गुबगुबीत तांबडी कोंबडी काढून दिली आणि खुशाल काप म्हणाल्या. ती दोन दिवसांपासून फुगून बसतेय, हे मात्र बोलल्या नाहीत.

मल्सुनआजींनी ती रात्रीपुरती खुराड्यात सोडली आणि सकाळी पाहिलं तर टोपलीत चार कोंबड्या. चारही तांबड्या, चारही फुगलेल्या, आणि खालून पिल्लांची चिवचिव. पिल्लं एकीच्या पोटाखाली शिरत होती आणि दुसरीच्या पंखातून डोकं काढत होती. आजींनी हात घातला तर चौघींनी मिळून तो फोडून काढला. नाइलाजाने गुम्न्येआजींना बोलावणं गेलं.

"यातली तुझी कोणती गं?"

"तुझ्या तीन ओळख. उरेल ती माझी."

ओळख काही पटेना. तेवढ्यात दारात गाडी थांबली. मागून मुलगी आणि पुढे जावई उतरला, त्याच्या हातात दोन मोठे खोके.

"आई, या वयात तुम्हाला चुलीपाशी त्रास नको. तळलेली कोंबडी घेऊनच आलो."

त्याने कोंबडी खाल्ली, पिल्लांचे फोटो काढले, हवेचं कौतुक केलं आणि चार वाजता घड्याळ पाहिलं. सकाळी त्याला ऑफिस होतं. मुलीने फाटकाशी आईचा हात बराच वेळ धरून ठेवला, पुढच्या सणाला नक्की राहू म्हणाली. गाडी वळणाआड गेली. उन्हात घालून ठेवलेल्या दोन गाद्या आजींनी परत घडी करून आत नेल्या. त्यांना फार वाईट वाटलं, पण कुणाला सांगणार?

बाहेर येऊन पाहतात तर गुम्न्येआजी अजून ओट्यावरच, उरलेली तंगडी चावत बसलेल्या. आज ओळखू येणार नाही, उद्या येते, असं सांगून त्या गेल्या.

त्या उद्या आल्या, परवाही आल्या. रोज दुपारी यायचं, कोंबड्यांकडे बघून मान हलवायची, मग बार्लीचा चहा प्यायचा, गावातल्या साऱ्या सुनांची उणीदुणी काढायची आणि ऊन उतरलं की घरी जायचं. अंगणात चारही कोंबड्या अकरा पिल्लं घेऊन फिरत. कुणाचं पिल्लू कुणामागे जातंय, याची त्यांना फिकीर नव्हती.

आठव्या दिवशी सकाळी दाणे टाकताना मल्सुनआजींना एका कोंबडीच्या पायात, पिसांच्या आड, निळा दोरा दिसला. चांगला जुना, मळलेला. गुम्न्येआजींच्या स्वेटरच्या कोपराला ठिगळ होतं त्याच लोकरीचा. म्हणजे बाईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

आजींनी आत जाऊन कात्री आणली, दोरा कापला आणि खिशात टाकला.

दुपारी गुम्न्येआजी आल्या. आज त्यांनी वाकून एकेका कोंबडीचे पाय पाहिले. एकीचे दोनदा पाहिले. मग हळूहळू सरळ झाल्या.

"लागला का पत्ता?" मल्सुनआजींनी विचारलं.

"छे. मेल्या सगळ्या सारख्याच. उद्या बघू," असं म्हणून गुम्न्येआजींनी चपला काढल्या आणि ओट्यावर नीट मांडी घातली.