पंधरा स्क्रूंचं संचालक मंडळ

लासुर्णे येथील रहिवासी गोकुळ रावजी, वय वर्षे एकोणतीस, व्यवसाय शेती, यांच्या मोबाईलची बॅटरी गुरुवारी सायंकाळी सात वाजून बारा मिनिटांनी सदतीस टक्के शिल्लक असताना संपली. सदतीस टक्क्यांवर संपण्याचा तिला कोणताही अधिकार नव्हता. पण फोन साडेपाच वर्षांचा होता, आणि आत बॅटरी दिवाळीतल्या करंजीसारखी टम्म फुगली होती.

त्या क्षणी फोनवर प्रगती होती. इंदापुरातल्या एका लॅबमध्ये ती रक्त तपासते. गोकुळसाठी आजवर अकरा स्थळं बघून झाली होती आणि अकरा ठिकाणांहून निरोप एकच आला होता: "मुलगा चांगला आहे, पण शेती करतो." हे वाक्य लोक अशा सुरात म्हणत, की ऐकणाऱ्याला वाटावं, मुलगा चांगला आहे पण दरोडे घालतो. बारावी प्रगती. तिनं शेतीबद्दल काहीच विचारलं नाही. तिनं विचारलं, "तुम्ही आजवर स्वतः ठरवून काय केलंत?" गोकुळनं तोंड उघडलं आणि फोन मिटला.

इंदापूरला वाटलं, मुलानं फोन कट केला. मध्यस्थाकडून रात्री निरोप आला. रविवारी संध्याकाळी पाच वाजता पुन्हा व्हिडिओ कॉल होईल, तोही मुलाच्या स्वतःच्याच फोनवरून. प्रगतीला यापूर्वी आलेल्या एका स्थळानं मित्राच्या फोनवरून बोलताना मित्राचीच द्राक्षबाग आपली म्हणून दाखवली होती, त्यामुळं ही अट. आणि या वेळी कॉल तुटला, तर विषय मिटला असं समजावं.

शुक्रवारी गोकुळ बारामतीला एका सर्व्हिस सेंटरात गेला. टाय लावलेल्या माणसानं फोनचा नंबर संगणकात घातला आणि आवाज खाली आणला.

"सर, हा फोन आमच्याकडं मयत दाखवतोय."

"पण चालू हाय की."

"तुमच्या हातात चालू असेल. सिस्टिममध्ये मयत आहे."

"मग नुसती बॅटरी बदलून द्या."

"मयताला बॅटरी देता येत नाही, सर. नवीन फोन दाखवू का?"

बाहेर आल्यावर वॉचमननं गोकुळचा चेहरा बघितला. असे चेहरे तो रोज बघत असावा. "पावणं, पलीकडच्या टपरीवर बॅटरी मिळती," तो म्हणाला. "संगं इवलासा स्क्रू ड्रायव्हर फुकाट. घरीच बदला. आमच्या साहेबांनी बी तितनंच नेली."

शनिवारी गोकुळनं फोन चार्जरला लावून 'घरच्या घरी बॅटरी बदला' असा एक व्हिडिओ नऊ वेळा पाहिला आणि त्यातल्या अकरा पायऱ्या वहीत उतरवून काढल्या. ज्या फोनवर व्हिडिओ बघायचा तोच उघडायचा असल्यामुळं वही लागणारच होती. सहावी पायरी त्यानं दोनदा अधोरेखित केली: आत पंधरा स्क्रू आहेत, प्रत्येकाची लांबी वेगळी आहे, कुठला कुठून काढला ते विसरू नका. एकूण वेळ तीस मिनिटं.

रविवारी सकाळी अकरा वाजता त्यानं अंगणात बाजेवर पांढरं फडकं अंथरलं. इथंच पहिली चूक झाली. हे काम खोलीत, कडी लावून करायला हवं होतं. लासुर्ण्यात ट्रॅक्टरचं बोनेट उघडलं की वीस माणसं जमतात आणि तेवीस सल्ले मिळतात. मोबाईल उघडणार म्हटल्यावर सव्वा अकराला अंगणात एकसष्ट माणसं होती. त्यातले सात जण लग्नाला निघालेले होते. ते फेटे बांधूनच थांबले.

पुढच्या खुर्चीवर गेणबातात्या बसले. तात्या एका दूध संस्थेचे चौदा वर्षं संचालक होते. संस्था बंद पडून अकरा वर्षं झाली होती, पण संचालकपद चालू होतं.

"नारळ कुठाय?" तात्यांनी विचारलं.

"तात्या, नुसतं झाकण काढायचंय."

"बोअरला नारळ, मोटारीला नारळ, आन् हिला न्हाय? उद्या फोन लागला न्हाय तर म्हणशील तात्या बोलले न्हाईत."

नारळ फुटला. तात्यांचं मार्गदर्शनपर भाषण झालं. 'जुन्या बॅटरीचे योगदान' या विषयावर ते बावीस मिनिटं बोलले आणि बॅटरीचं नाव शेवटी एकदा घेतलं. मग गोकुळच्या आईनं, जयवंताबाईंनी, गुडघ्याला शेकायची गरम पाण्याची पिशवी आणली. पिशवीनं फोनच्या पाठीला शेक दिला, डिंक मऊ झाला, झाकण सुटलं. एकसष्ट माणसांनी एकदम वाकून आत बघितलं आणि एकदम मागं होऊन "हां" म्हटलं, जणू सगळ्यांना सगळं समजलं होतं.

गोकुळनं पहिला स्क्रू काढून ताटलीत ठेवला. एक कोंबडी पुढं आली. तिनं मान तिरकी करून स्क्रूकडं अशा नजरेनं पाहिलं, की तो बाजरीचा दाणा ठरायचाच अवकाश होता.

"ताटलीचं काय खरं न्हाय," तात्या म्हणाले. "विश्वासाच्या माणसाकडं दे. मी हाय की."

गोकुळला ते पटलं. स्क्रूला नंबर लावण्यापेक्षा माणसं लक्षात ठेवणं सोपं. पहिला तात्यांकडं, दुसरा तात्यांच्या पुतण्याकडं, तिसरा पुतण्याच्या साडूकडं. ही झाली दुसरी चूक. तात्यांच्या माणसांकडं सहा स्क्रू गेल्यावर मागून रणजित उभा राहिला. रणजित हा गावातल्या तरुणांचा नेता. दोनदा ग्रामपंचायतीला पडलेला, त्यामुळं अनुभवी.

"गोकुळशेठ, सगळं स्क्रू वरच्याच आळीला व्हय? खालची आळी काय चार्जिंग करत न्हाय?"

पुढचे सहा खालच्या आळीला गेले. मग शेजारची रोहिणी, बचत गटाची अध्यक्ष, पदर खोचून आली.

"बायकांचं काय?"

"तुमी काय करनार स्क्रूचं?" तात्यांनी विचारलं.

"तुमी काय करताय?"

उरलेले तीन महिला राखीव झाले. एक रोहिणीला, एक जयवंताबाईंना आणि एक गावातल्या म्हाताऱ्या धोंडाबाईंना. धोंडाबाईंना दिसायचं कमी, पण मूठ घट्ट.

त्यानंतर गोकुळनं फुगलेली बॅटरी टोकदार काही न लावता, दोरीनं ओढून अलगद सोडवली, नवी बसवली, पट्टी जोडली आणि बटण दाबलं. फोन उजळला. साडेबारा वाजले होते. नारळ, भाषण आणि आरक्षण वजा केलं तर काम एकोणतीस मिनिटांत झालं होतं. साडेपाच वर्षांचा फोन नव्या नवरदेवासारखा लखलखला, आणि गोकुळला पहिल्यांदाच वाटलं, की स्वतः ठरवून आपण काहीतरी केलं.

"झालं," तो म्हणाला. "आता स्क्रू द्या."

तात्यांनी मूठ आवळली.

"असं कसं?" तात्या सावकाश म्हणाले. "हातात आलेली गोष्ट अशी लगीच परत देत न्हाईत, गोकुळ. वाईट पायंडा पडतो."

"तात्या, पाच वाजता फोन यायचाय."

"मग टाइम हाय की. आधी मंडळाची बैठक व्हऊ दे."

"कसलं मंडळ?"

"पंधरा माणसांकडं पंधरा स्क्रू हाईत. म्हंजे मंडळच की. फकस्त नाव द्यायचं ऱ्हायलंय."

नाव द्यायला पाऊण तास गेला. 'लासुर्णे गृह बॅटरी बदल सहकारी संस्था मर्यादित (नियोजित)' यावर एकमत झालं. चेअरमन कोण, यावर झालं नाही. दीड वाजता रणजितनं आपले पाच स्क्रूधारक जीपमध्ये बसवले आणि सहा स्क्रू अज्ञात स्थळी रवाना झाले. अज्ञात स्थळ म्हणजे उजनीच्या पाण्याकडं मासे खायला, हे सगळ्यांना माहीत होतं. पण अज्ञात म्हटलं की जेवणाला वजन येतं.

इकडं अंगणात उरलेल्यांची कुजबुज वाढली. एका फोनमधून पंधरा पदं निघतात, हे गावानं डोळ्यांनी पाहिलं होतं. ज्यांना पद मिळालं नव्हतं, त्यांनी घरी जाऊन आपापले फोन उघडले. त्यांच्या बॅटऱ्या चांगल्या होत्या. पण प्रश्न बॅटरीचा राहिलाच नव्हता. दोन वाजेपर्यंत गावात चौऱ्याऐंशी नवे पदाधिकारी झाले, तीनपर्यंत तीनशे. एका घरात दोन भावांत एकच फोन होता. तिथं थोरला चेअरमन, धाकटा विरोधी पक्षनेता झाला आणि मधल्या बहिणीनं राजीनामा दिला. चार वाजता जीप परतली. जीपमधल्या सहा जणांनीही वाट बघताना वेळ जावा म्हणून माशाच्या काट्यानं आपले फोन उघडले होते. आता लासुर्ण्यात चालू फोन एकच उरला: गोकुळचा. तोही पाठ उघडी टाकून बाजेवर पडलेला.

रणजितनं अटी सांगितल्या. तो चेअरमन; तात्या संस्थापक मार्गदर्शक; मूळ फोनमालकाला, म्हणजे गोकुळला, विशेष निमंत्रित सभासद म्हणून घेता येईल, मतदानाचा हक्क मात्र नाही.

"आरं, पन फोन माझा हाय," गोकुळ म्हणाला.

"म्हनूनच म्हनतो," रणजित समजुतीनं म्हणाला. "ज्याचं काम असतंय, त्यानं मधी पडू नये. पारदर्शकता ऱ्हात न्हाय."

पाचला फोन वाजला.

गोकुळनं दोन्ही तळव्यांत, पाखरू धरावं तसा, उघडा फोन उचलला. पुढचा कॅमेरा सैल असल्यानं खाली कलला होता. इंदापुरात प्रगतीला गोकुळचा डावा कान आणि एक कोंबडी दिसली. ती अदबीनं कोंबडीकडं बघून बोलली.

"नमस्कार. मागच्या वेळी माझा प्रश्न राहिला होता."

"व्हय. म्हणजे हो. फोन मी कट केला नव्हता, बॅटरी गेली होती. आज बदलली. घरीच. मी."

"स्वतः?"

"स्वतः. शेक देऊन. नुसतं झाकण राहिलंय, म्हणून कॅमेरा कललाय."

मग ती म्हणाली, "आमच्या लॅबमधलं मशीन बंद पडलं की आमचे सर तीन दिवस पुण्याच्या माणसाची वाट बघत बसतात." आवाजात हसू होतं. "पण मग झाकण का लावलं नाहीत?"

"स्क्रू लोकांकडं हाईत."

"कुणाच्या फोनचे?"

"माझ्याच."

"मग मागा की."

"मागितले. पण त्याला बैठक लागते म्हणतात."

तेवढ्यात तात्या कॅमेऱ्यात शिरले. त्यांचं धोतर शिरलं, असं म्हणणं जास्त बरोबर. "नमस्कार ताई. मी संस्थापक."

"मी चेअरमन," रणजित मागून म्हणाला. "नियोजित."

प्रगतीनं धोतरालाही नमस्कार केला. मग म्हणाली, "गोकुळ, तुम्ही बॅटरी बदललीत ते मला आवडलं. पण स्वतःच्या फोनचे स्क्रू चारचौघांत मागून घेता येत नसतील, तर उद्या हेच लोक माझ्या स्वयंपाकघराचं मंडळ करतील. साडेपाचपर्यंत मी इथंच आहे. झाकण लावून फोन करा."

फोन तिनं ठेवला. या वेळी बॅटरीचा काही दोष नव्हता.

गोकुळ बाजेवर चढून उभा राहिला. जन्मात तो तात्यांपेक्षा उंच जागी उभा राहिला नव्हता. बाज करकरली.

"माझे स्क्रू द्या," तो म्हणाला.

"मतदान घ्या," तात्या म्हणाले. "परत द्यावं म्हननाऱ्यांनी हात वर करा. उघडा तळवा. मूठ दिसली की विरोध."

ही रीत बिनतोड होती. स्क्रू मुठीत होते. तळवा उघडला तर स्क्रू पडणार, म्हणजे पद पडणार. बारा मुठी शांतपणे वर गेल्या. फेटेवाले सातही जण मुठी वर करून उभे राहिले; त्यांच्याकडं स्क्रू नव्हता, पण बहुमत कुठं आहे ते त्यांना कळत होतं.

जयवंताबाई उठल्या. "तात्या, मला ते तळव्याचं काय कळत न्हाय," त्या म्हणाल्या, आणि आपला स्क्रू त्यांनी पोराच्या हातावर ठेवला. रोहिणीनं ठेवला. धोंडाबाईंनी हात पुढं केला, पण मूठ दुपारपासून मिटून आखडली होती. दोघींनी मिळून एकेक बोट उघडलं.

तीन स्क्रू झाले. गोकुळनं वही बघितली नाही. एक वर, दोन खाली, असे पिळले, झाकण दाबलं आणि फोन कानाशी हलवला. काही खुळखुळलं नाही. कॅमेरा सरळ झाला. फोन चालू होता. पाच वाजून सत्तावीस मिनिटांनी प्रगतीनं पहिल्या रिंगला उचलला आणि कोंबडीऐवजी एका घामेजलेल्या, हसणाऱ्या माणसाकडं बघत म्हणाली, "बोला आता."

पंधरवड्यात सुपारी फुटली. फोन आजही त्या तीन स्क्रूंवर चालतो.

उरलेल्या बारांची गरज नव्हती, ही माहिती संस्थेनं तातडीच्या बैठकीत गोपनीय ठरवली. संस्था जोरात आहे. बारा संचालक मूठ न उघडता जेवतात, सह्या डाव्या हातानं करतात, आणि सत्काराची शाल दुसऱ्यानं खांद्यावर टाकावी लागते. विस्तारासाठी नवे सभासद घेणं चालू असून पात्रतेची अट एकच आहे: दुसऱ्याचं काम उघडं पडलेलं असताना शेवटपर्यंत उभं राहून मजा बघणं, आणि "त्या पोराचे स्क्रू द्या" असं एकदाही न म्हणणं. आपण इथपर्यंत वाचलंत, अधूनमधून हसलातही. आपला अर्ज मंजूर झाला आहे. स्क्रू शिल्लक नसल्यामुळं येताना स्वतःचा फोन घेऊन यावं.